मिडलसेक्स काउंटी कौन्सिल कधी आणि का बंद झाली? आता त्या भागाचा कारभार कोणाकडे आहे?

लंडनलगतच्या मिडलसेक्स काउंटीची (जिल्ह्यासारखा विभाग) ही कौन्सिल १ एप्रिल १९६५ रोजी 'लंडन गव्हर्नमेंट ॲक्ट १९६३' या कायद्याने बंद झाली. १८८९ मध्ये कौन्सिल सुरू झाली तेव्हाच काउंटीचा सर्वांत दाट वस्तीचा भाग नव्या लंडन काउंटीत गेला होता. उरलेला भागही पुढे उपनगरांनी भरून गेला. शहर एक आणि कारभार अनेकांचा, हे चालणार नाही असा निष्कर्ष १९६० मध्ये लंडनच्या स्थानिक कारभाराचा अभ्यास करणाऱ्या हर्बर्ट आयोगाने काढला. बहुतेक प्रदेश ग्रेटर लंडनमध्ये गेला आणि शाळा तिथल्या नव्या बरोंकडे (लंडनचे स्थानिक प्रशासकीय विभाग) आल्या. पॉटर्स बार मात्र हर्टफर्डशायरला, तर स्टेन्स आणि सनबरी सरेला जोडले गेले. गंमत म्हणजे कौन्सिलचं मुख्यालय, वेस्टमिन्स्टरचं गिल्डहॉल, तिच्या हद्दीबाहेरच होतं. आज तिथे ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय भरतं.

जुनी कागदपत्रं शोधत असाल तर पत्त्यातल्या 'मिडलसेक्स'वर विसंबू नका. कौन्सिल गेल्यावरही टपाल खात्याने हे नाव १९९६ पर्यंत चालवलं, त्यामुळे १९८० च्या पाकिटावरही ते सापडेल. कौन्सिलचं दप्तर द लंडन आर्काइव्हजमध्ये (पूर्वीचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्हज) आहे, पण १९६५ नंतरच्या कागदांसाठी बहुतेकदा त्या-त्या बरोकडे विचारावं लागतं.