कादंबरी अडली आहे आणि बारावीही आहे

चि. विद्यार्थिनीस,

तुझं पत्र, सोबतची प्रकरणांची यादी आणि पाठवलेली पाच प्रकरणं दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगते. तू बारावी सायन्सला आहेस. वडील पाटबंधारे खात्यात, त्यामुळे आजवर 4 शाळा झाल्या. गेल्या वर्षापासून तू कादंबरी लिहिते आहेस. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातली एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे आठवीत सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या गावी येते, तिथल्या शाळेतलं तिचं ते एक वर्ष. 21 प्रकरणं लिहून झाली आणि गाडी अडली. मराठीच्या बाई म्हणाल्या, "प्रसंग छान आहेत, पण कथानक नाही." आई म्हणते, "आधी बारावी, मग हे सगळं." तुझा प्रश्न असा की कथानक शिकता येतं का, आणि त्यासाठी सायन्स सोडून आर्ट्सला जावं का?

कथानक शिकता येतं. सायन्स आत्ता सोडू नकोस. दुसऱ्या उत्तराचं कारण शेवटी सांगते, कारण पहिल्यावर बोलण्यासारखं खूप आहे.

तुझी यादी समोर ठेवून मी एक करून पाहिलं. नववं प्रकरण (सहल) आणि चौदावं प्रकरण (आजीचं जाणं) यांची अदलाबदल केली. पुढच्या कुठल्याच प्रकरणात काही बदलावं लागलं नाही. बाईंना हेच म्हणायचं असणार. तुझी प्रकरणं "आणि मग" ने जोडलेली आहेत. नवी शाळा, आणि मग मैत्रीण, आणि मग सहल, आणि मग स्नेहसंमेलन. दोन प्रकरणांच्या मध्ये "म्हणून" किंवा "पण" बसायला लागलं की कथानक सुरू होतं. आजी गेली म्हणून मुलीने असं काहीतरी केलं पाहिजे, जे आजी असती तर तिने केलं नसतं.

शाळेच्या वर्षाचा सांगाडा तू घेतलास हे योग्यच केलंस. जूनमधला पहिला दिवस, घटक चाचणी, सहामाही, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, वार्षिक. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) नववीच्या एका वर्षातच घडते आणि त्या वर्षाच्या मर्यादेमुळे तिला बांधीवपणा येतो. पण वेळापत्रक प्रसंगांना जागा देतं, कारण देत नाही. ते मुलीच्या आतून यावं लागतं. तिला काय हवं आहे, ते मिळवायला ती काय करते, आणि त्यापायी काय गमावते?

याचं उत्तर तुझ्या चौथ्या प्रकरणात आहे, तुला ते दिसलेलं नाही एवढंच. नव्या शाळेत सेमी इंग्रजी आहे. सर विचारतात, "12 आणि 18 चा एलसीएम किती?" मुलीने वहीच्या मागच्या पानावर 36 लिहूनही ठेवलंय, कारण उदाहरण तिने फळ्यावर पाहिलं. पण सर ज्याला एलसीएम म्हणतात तो आपला लसावि, हे तिला माहीत नाही. ती हात वर करत नाही. दुसरं कुणी उत्तर देतं, सर शाबासकी देतात. मग तू लिहितेस, "त्यानंतर मी वर्गात हात वर केला नाही." आणि पुढच्या ओळीत मधली सुट्टी होते!

अगं, तुझी कादंबरी त्या वाक्यात आहे. जुन्या शाळेत पहिल्या बाकावर बसून उत्तरं देणारी मुलगी इथे मुकी होते, आणि अक्कल कमी पडली म्हणून नव्हे, तर शब्द वेगळे आहेत म्हणून. मराठी माध्यमातून सेमीत गेलेल्या मुलांनी हे मला वर्षानुवर्षं सांगितलंय. लसावि, मसावि, काटकोन, कर्ण हे सगळं येत असूनही ती गप्प बसलेली असतात. तो हात पुन्हा वर कसा जातो, हा तुझ्या कादंबरीचा कणा. प्रत्येक प्रकरणाला विचार, यामुळे तो हात वर जाण्याच्या जवळ आला की लांब गेला? ज्या प्रकरणाला उत्तर देता येणार नाही ते वहीतच राहू दे. सहलीचं प्रकरण बहुधा राहील, आणि मला त्याचं वाईट वाटेल, कारण त्यातलं पावसाचं वर्णन सुंदर आहे.

आता अकरावं प्रकरण. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू होतो, कारखान्याच्या परिसरात कोप्या (मजुरांच्या झोपड्या) उभ्या राहतात आणि ऊसतोड मजुराचा एक मुलगा वर्गात येऊन बसतो. तो बीडकडचाच. सर काहीतरी विचारतात आणि तो म्हणतो, "कामून?", म्हणजे "का?". वर्ग हसतो. तुझी नायिकाही हसते. एव्हाना ती इकडच्यासारखं बोलायला शिकली आहे आणि "कामून" हा तिच्या आजीचा शब्द आहे हे कुणालाच ठाऊक नाही. तू याला एक पान दिलंस. सहलीला नऊ पानं!

हे पान लिहिताना तुझा हात थरथरला असणार, म्हणून ते आखूड झालं असावं, असं मला वाटतं. पण शाळा बदलण्याच्या गोष्टीत शाळा बदलणं ही केवळ सुरुवात असते, आणि ते तर तिच्यावर येऊन पडलेलं आहे. वडिलांची बदली झाली, टेम्पो भरला, ती आली. यात तिने काही निवडलं नाही. हसणं मात्र तिचं स्वतःचं आहे. त्या क्षणापर्यंत ती सोसणारी होती, त्या क्षणी ती काहीतरी करणारी झाली, आणि जे केलं त्याची तिला लाज वाटते. कादंबरीचा मध्य हाच. याच्या आधीचं सगळं या हसण्याकडे यायला हवं आणि नंतरचं सगळं यातून निघायला हवं. त्या दृष्टीने आजीचं जाणंही आहे तसं हसण्यानंतरच राहू दे. आजीचा शब्द नाकारल्यावर आजी जाते, तेव्हा त्याच प्रसंगाचं वजन किती वाढतं बघ.

एक दुरुस्ती. दुसऱ्या प्रकरणात जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून नवी शाळा मुलीला ऑगस्टपर्यंत घरी बसवते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. प्रत्यक्षात असं घडत नाही असं मी म्हणत नाही. पण कायदा तुला माहीत असेल तर प्रसंग बदलतो. हे त्या घरात कुणाला माहीत आहे? माहीत नसलेल्या आईचं शाळेच्या ऑफिसात गप्प उभं राहणं आणि मुलीने ते बघणं, हे वर्गातल्या मुकेपणाच्या आधी आलं तर दोन्ही प्रसंग एकमेकांशी बोलू लागतील.

शेवटाबद्दल. तुझ्याकडे पुन्हा बदली होते, टेम्पो भरतो आणि मुलगी म्हणते, "मी आता मोठी झाले होते." हे वाक्य काढून टाक. ते वाचकाला वाटलं पाहिजे, तिने सांगून उपयोग नाही. दुसरी बदलीही मला नको वाटते, कारण ती पुन्हा वडिलांची आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (1963) पांडुरंग सांगवीहून पुण्याला येतो आणि शेवटी सांगवीलाच परततो. वर्तुळ पुरं होतं, पण परतलेला माणूस तोच राहिलेला नसतो. तुझ्या गोष्टीत परतणारी व्यक्ती नायिका नसून तो मुलगा आहे. हंगाम संपला की वार्षिक परीक्षेआधीच तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जाणार. स्थलांतरित मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून मिळणाऱ्या त्याच्या शिक्षण हमी कार्डाचा तू एका ओळीत उल्लेख केलायस. ते कार्ड इथल्या नोंदीसह परत गेलं, तरच तो हे महिने शाळेत होता हे गावच्या गुरुजींना कळेल. ते कपाटात राहून गेलं तर? कागदाची वाट बघत घरी बसणं म्हणजे काय हे वर्गात एकाच मुलीला ठाऊक आहे. ती हात वर करेल का? करून कुठल्या बोलीत बोलेल? हे मी तुझ्यावर लादत नाही. पण हात, कागद आणि बोली हे तिन्ही धागे तुझ्याच पानांत पडलेले आहेत. मी फक्त शेजारी ठेवले.

आता सायन्सचं. बारावी सायन्स करून बीएला जाता येतं, उलट वाट जवळपास बंद असते. म्हणून वर्ष पूर्ण कर. पुढे मराठी किंवा इंग्रजी साहित्य घ्यायचं ठरलं तर जरूर घे. एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा केल्यास महाविद्यालयात शिकवण्याची वाट आहे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखन शिकायचं तर पदवी लागते, विषय कोणताही चालतो. अनुवाद, संपादन, मालिकांचं लेखन, पाठ्यपुस्तकांचं काम, या सगळ्यांत "म्हणून" आणि "पण" ओळखणारी माणसं लागतात.

आईंनी विचारलंय, यावर पोट भरेल का? आई, नुसत्या कादंबरीवर भरणार नाही. समजा 300 रुपयांचं पुस्तक, हजार प्रती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तर 30,000 रुपये, आणि खपायला वर्षं जातात. म्हणून तिच्या हाती पदवी आणि कमाईचं दुसरं कौशल्य असायलाच हवं, यात मी तुमच्या बाजूने आहे. पण वही काढून घेऊ नका. आठवड्याला दोन तास लिहिण्याने तिची बारावी बिघडणार नाही. लिहिणं बंद केलं तर जीव मात्र त्या वहीतच अडकून राहील.

आणि तू घाई करू नकोस. पहिलं पुस्तक छापायला राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारासाठी वयाची मर्यादा 35 वर्षांची आहे. एवढा वेळ तुझ्याकडे आहे. दरम्यान चौथं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून नीट करून बालभारतीच्या 'किशोर'कडे पाठवून बघ.

परीक्षा होईपर्यंत रविवारी सकाळचे दोन तास, आणि त्यात फक्त अकरावं प्रकरण. एका पानाची दहा पानं कर. तो मुलगा कुठल्या बाकावर बसला, "कामून" म्हणताना त्याने कुणाकडे पाहिलं, आणि हसून झाल्यावर नायिकेने तोंड कुठे वळवलं, इथपासून सुरू कर.

तुझी,
मार्गदर्शक ताई