नव्या कारवानीचं गुरगुरणं

ताई, तुमचा कारवानी कुत्रा दुसरी कुत्री दिसली की गुरगुरतो म्हणता. त्याला घरी येऊन तीनच आठवडे झालेत, तर रंकाळा तलावावरची संध्याकाळची चक्कर आधी बंद करा. भेळेच्या गाड्या, पोरं, भटकी कुत्री, हे सगळं त्याला एकदम झेपणार नाही. पहाटे पाचला रिकाम्या गल्लीतून फिरवा.

हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. आपल्याला ठिपका दिसायच्या आत त्याला पळतं मांजर दिसलेलं असतं. म्हणून त्याच्या कानांकडे आणि मानेकडे लक्ष ठेवा. दुसरं कुत्रं बघून तो ताठला, पण अजून तुमच्या हातचा उकडलेल्या चिकनचा तुकडा खातोय, तर तेवढं अंतर बरोबर आहे. खायचं थांबला की तुम्ही जास्त जवळ आलात, मुकाट्यानं मागं फिरा. रोज हेच: कुत्रं दिसलं की तुकडा, दिसेनासं झालं की तुकडा बंद. महिने लागतात, पण फरक पडतो.

गुरगुरला म्हणून मारू नका, ओरडूही नका. माझ्या पहिल्या कुत्रीला मी दटावून गप्प केलं आणि पुढं ती न गुरगुरताच चावली. ती चूक मला आजही सलते.

याचं डोकं निमुळतं, साधा पट्टा सर्रकन निसटतो. रुंद, ओढल्यावर थोडाच आवळणारा पट्टा घ्या, जोडीला छातीपट्टा. जाळीच्या मुसक्याची सवय घरातच लावा. आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका.

रेबीजची लस झालीय ना? डॉक्टरांकडून सांधे, दातही तपासून घ्या. दुखणाऱ्या अंगाला कुणी जवळ आलेलं सोसत नाही.