टॅप द्यायला लाज कसली?

"साखर निघाली म्हणजे माझा खेळ संपला का?" नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न किती जणांनी विचारला, मोजलं नाही. बहुतेक चाळिशीच्या आसपासचे, कधीकाळी कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो खेळलेले. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

तो तरुणपणी ८१ किलोच्या गटात ज्युदो खेळायचा. आता एक्केचाळीस वर्षांचा, वजन ९८, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.४ टक्के. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, आणि याने खेळाडूंची जुनीच रीत धरली. संध्याकाळी पाचनंतर उपास, प्लास्टिकचं जॅकेट चढवून अंबाझरीला पळायचं. नागपुरात, मे महिन्यात! वर गोळी चालू, तीही शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी.

"रात्री हातपाय थरथरतात, घाम सुटते. पण कोणाले सांगत नाही."

"का?"

"ज्युदोचे सर म्हणतील, घरी बस. अन् मले ८१ मध्ये बसाच लागते, मॅडम."

माणूस इच्छेने थकत नाही, तिला चिकटलेल्या 'च'ने थकतो, असं मी वर्षानुवर्षं बघत आलेय. त्यालाही ते समजावलं. मान डोलावून तो गेला आणि पुन्हा उपाशीच पळाला. चार भेटी अशाच गेल्या.

पाचव्या भेटीत मी समजावणं सोडलं. मला ज्युदो कळत नाही, म्हणून विचारलं, "गळा आवळला गेला की काय करता?"

त्याने टेबलावर दोन थापा मारल्या. "टॅप. म्हंजे हरलो, सोड."

"लाज वाटते?"

"लाज कायची? टॅप नाही देल्ला तर मानूस बेहोश होते. देल्ला का दुसऱ्या मिनिटाले पुन्हा पकड."

हात टेबलावर तसाच राहिला. बराच वेळ तो त्या हाताकडेच बघत होता. मग हळूच म्हणाला, "मंग रात्रीची ती थरथर..."

ते वाक्य मी पुरं केलं नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं, पण जमलं.

त्याच आठवड्यात त्याने डॉक्टरांकडून गोळीचा डोस आणि जेवणाच्या वेळा नव्याने ठरवून घेतल्या, डोळ्यांचा पडदा तपासला. तुम्हीही मॅटवर परतायचं म्हणत असाल तर ही तपासणी टाळू नका. पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर आपटण्याने, श्वास रोखून जोर लावण्याने आत रक्तस्राव होऊ शकतो. मॅटवर पाय अनवाणी असतात, संवेदना कमी झाली असेल तर जखम कळतही नाही, म्हणून रोज तळवे बघा. सरावाआधी साखर मोजा. ७० च्या खाली गेली तर खेळ थांबवून तीन चमचे साखर पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ती सरावानंतर काही तासांनी, झोपेतही उतरू शकते; त्याची रात्रीची थरथर तीच. आणि जॅकेटमधून गळतं ते पाणी, चरबी नाही. पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी साखरेत फरक दिसतो. ९८ वाल्याला सुरुवातीला पाच किलो पुरे.

सरांना त्याने सांगितलं. ते घरी बस म्हणाले नाहीत, त्याच्या सरावातल्या जोडीदाराकडे साखरेची पुडी ठेवायला दिली. आठ महिन्यांत वजन ९१ वर आलंय. ८१ चं नाव त्याने बऱ्याच दिवसांत काढलं नाही. ज्युदोत ९० किलोचाही गट असतो, हे मला परवा त्यानेच सांगितलं.