नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची वॉर्ड पोस्टिंग सुरू होतेय. संसर्ग टाळायला नेमक्या कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

काही वर्षं वॉर्डात काढून आता मी विद्यार्थिनींना शिकवते. पेशंटला हात लावून झाल्यावर हात धुवा, असं कुणाला सांगावं लागत नाही. ड्रेसिंग झालं, युरिन बॅग रिकामी केली, की पोरी आपणहून बेसिनकडे धावतात. राहून जातं ते हात लावण्याआधीचं. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायचे जे पाच प्रसंग सांगितलेत, त्यातला पहिलाच तो! बीपी घ्यायला निघालात, वाटेत केसपेपर चाळला, मोबाइल पाहिला, पडदा सरकवला, आणि तोच हात पेशंटच्या दंडावर. हात दिसायला स्वच्छ, म्हणून मनाला काही टोचत नाही.

१८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं ते हेच. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासणाऱ्यांत मेडिकलचे विद्यार्थीही होते (हे मी पहिल्या तासाला मुद्दाम सांगते). त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले.

हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) २० ते ३० सेकंद चोळा. साबण-पाण्याने धुताना ४० ते ६० सेकंद लागतात. हात मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच हवं, काही जंतूंचे बीजाणू हँडरबला दाद देत नाहीत. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. अंगठी, घड्याळ, बांगड्या होस्टेलवरच ठेवा. आणि ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचेच.

आता सुई. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सीनियर लावताना दिसल्या तरी. मी शिकत असताना असंच टोपण लावताना बोटात टोचून घेतलं आणि ओरडा बसेल म्हणून रात्रभर गप्प राहिले. निभावलं, पण तो शुद्ध मूर्खपणा होता. टोचलं तर बोट पिळू नका, चोखू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्ही टाळायची औषधं लागली तर शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस झालेत का? नसतील तर पोस्टिंगची वाट न पाहता पहिला घ्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लशीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासा, तो १० mIU/mL किंवा जास्त यायला हवा. हा रिपोर्ट जपून ठेवा, सुई टोचली तर तो लगेच मागतात.