आधी चिन्ह ठरवा, मग स्थळं मोजा

ताई, तुमच्या नववीतल्या मुलीने ०.०००४५ ही संख्या वैज्ञानिक रूपात, म्हणजे एक संख्या गुणिले १० चा घात अशा रूपात, ४.५ × १०^४ अशी लिहिली आणि गुण गेले. ‘दशांशचिन्ह डावीकडे सरकलं की अधिक, उजवीकडे सरकलं की उणे’ हा नियम ती दर वेळी उलटा करते, असं तुम्ही म्हणता. (घातासाठी मी ^ ही खूण वापरतेय; १०^४ मधला ४ हा घातांक.) मी बरीच वर्षं नववी-दहावीच्या मुलांना शिकवतेय. या नियमात गोंधळणारी मुलं दर वर्षी असतात, त्यात तिची काही चूक नाही. तो नियम तिला खुशाल विसरू द्या.

पेन टेकवायच्या आधी एकच प्रश्न: संख्या एकापेक्षा लहान आहे का? लहान असेल तर घातांक ऋण. दहा किंवा त्याहून मोठी असेल तर धन. मधली असेल, समजा ७.२, तर घातांक ०. काही मोजायच्या आधीच चिन्ह ठरलं. ०.०००४५ एकापेक्षा लहान, म्हणजे ऋण. विषय संपला.

आता मोजायचं, पण शून्यं नाही. शून्यं मोजायला गेलं की दशांशचिन्हाच्या अलीकडचं धरायचं की नाही, यावर मुलं अडतात. त्यापेक्षा शून्य नसलेला पहिला अंक दशांशचिन्हानंतर कितव्या स्थळावर आहे ते बघावं. इथे ४ हा चौथ्या स्थळावर आहे, म्हणून ४.५ × १०^(-४). कुणी ४५ × १०^(-५) लिहिलं तर किंमत तीच, पण ते वैज्ञानिक रूप नाही. १० च्या घाताआधीची संख्या १ किंवा त्याहून मोठी आणि १० पेक्षा लहानच हवी.

मोठ्या संख्येत वेगळीच गंमत होते. प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. एका मुलाने माझ्यासमोर यातले स्वल्पविराम मोजले, तीन त्रिक नऊ केलं आणि १०^९ लिहून मोकळा झाला. स्वल्पविरामानंतर तीनच अंक असतात हे इंग्रजी पद्धतीत खरं, आपल्याकडे शेवटचे तीन सोडले की पुढे दोन-दोन. म्हणून स्वल्पविरामांकडे बघूच नये. पहिल्या २ नंतर किती अंक उरले? आठ. झालं, २.९९७९२४५८ × १०^८.

आणि मराठीत तर अर्धं काम नावातच झालेलं असतं. लाख म्हणजे १०^५, कोटी म्हणजे १०^७, अब्ज म्हणजे १०^९. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘एक, दश, शत, सहस्र’ पासून परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत, दर दहापटीला वेगळं नाव आहे. मला ही यादी वर्गात म्हणून घ्यायला फार आवडतं, कारण मुलांना घातांक परका वाटेनासा होतो.

सूर्य सरासरी १४.९६ कोटी किलोमीटरवर आहे. कोटीच्या जागी १०^७ ठेवा: १४.९६ × १०^७. पण १४.९६ दहापेक्षा मोठी, म्हणून ती १.४९६ करायची. ती दहापट लहान झाली, तर घाताने दहापट वाढून भरपाई करायची: १.४९६ × १०^८. एक घटलं की दुसरं वाढलंच पाहिजे, नाहीतर संख्याच बदलते. ०.०४५ × १०^(-३) मध्ये उलट: ०.०४५ चे ४.५ झाले, शंभरपट वाढले, म्हणून घातांक दोनने उतरून -५. हा भाग घाईत उरकू नका, पाटीवर दोन-तीन दिवस करून घ्या. पुढे रसायनशास्त्रात मोल (अणू-रेणूंची संख्या मोजायचं एकक) आला की रोज हेच लागतं.

आज तिला रक्तातल्या तांबड्या पेशीचा व्यास द्या, साधारण ०.०००००७५ मीटर. मग मुद्दाम एकक बदलून सेंटीमीटरमध्येही विचारा. उत्तर मीटरमध्ये ७.५ × १०^(-६) यायला हवं आणि सेंटीमीटरमध्ये ७.५ × १०^(-४), म्हणजे ०.०००७५. मोजायला बोट लावण्याआधी तिच्या तोंडून ‘ऋण’ येतं का, तेवढं ऐका.