उल्कापाषाण किती वेगाने थंड झाला हे समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) कसं काढतात? त्याचं वय कळलं की पुरे का?

नाही, एका वयावरून वेग निघत नाही. वय एकच क्षण सांगतं. वेगासाठी असे दोन तरी क्षण हवेत, शिवाय त्या त्या क्षणी दगड किती तापलेला होता हेही हवं. म्हणून एकाच दगडातली वेगवेगळी खनिजं वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात.

तापलेल्या खनिजातून किरणोत्सारी क्षयात तयार झालेले अणू निसटत राहतात. तापमान पुरेसं उतरलं की ते अडकतात आणि वय तिथून मोजलं जातं. फॉस्फेट या खनिजात (युरेनियमपासून बनलेलं) शिसं साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला अडकतं, फेल्डस्पार या खनिजात (पोटॅशियम-४०पासून बनलेला) आर्गॉन वायू २८०च्या आसपास.

स्पेनमध्ये १८९२ साली पडलेला ग्वारेन्या हा उल्कापाषाण (एच-६: एच हा गट, आकडा जितका मोठा तितका दगड जास्त तापलेला) घ्या. त्याच्या फॉस्फेटचं शिशावरून काढलेलं वय सुमारे ४५०.४ कोटी वर्षं, फेल्डस्पारचं आर्गॉनवरून सुमारे ४४६ कोटी. तापमानातला फरक अंदाजे २०० अंश, काळातला साडेचार कोटी वर्षं. म्हणजे दहा लाख वर्षांत चार-साडेचार अंश. इतकी संथ गती मूळ लघुग्रहाच्या खोल भागातच शक्य असते. याउलट फ्रान्समधल्या सेंट मार्गरिट (एच-४) या दगडाच्या फॉस्फेटचं वय ४५६.३ कोटी, म्हणजे सूर्यमालेतल्या सर्वात जुन्या घन कणांहून जेमतेम चाळीस-पन्नास लाख वर्षांनी कमी. तो फार लवकर निवला.

खरी मेख पुढे आहे. अडकण्याचं तापमान स्वतःच थंड होण्याच्या वेगावर, खनिजाच्या कणाच्या आकारावर आणि विसरणाच्या (अणू खनिजातून सरकत बाहेर पडण्याच्या) गतीवर अवलंबून असतं. हे समीकरण डॉडसन यांनी १९७३ साली मांडलं. त्यामुळे आधी वेग गृहीत धरायचा, समजा दहा लाख वर्षांत १० अंश. त्यावरून तापमान काढायचं, त्यातून नवा वेग, आणि तो पुन्हा समीकरणात. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो, कारण वेग दहापट बदलला तरी तापमान काही दशक अंशांनीच हलतं. कणाची त्रिज्या मात्र अंदाजाने घालू नका, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा.

जास्त घोळ वयांच्या अचूकतेत होतो. वरच्या उदाहरणात आर्गॉनचं वय एक कोटी वर्षांनी इकडेतिकडे झालं, तर वेग साडेतीनपासून पावणेसहापर्यंत कुठेही येतो. पोटॅशियम-४०च्या जुन्या क्षय-स्थिरांकाने (क्षयाचा दर सांगणाऱ्या आकड्याने) तर इतक्या पुरातन दगडांचं वय दोन-तीन कोटी वर्षांनी कमी येतं. जुन्या निबंधातला असा आकडा दुरुस्तीविना शिशाच्या वयाशेजारी ठेवला, की दगड प्रत्यक्षाहून संथ निवल्याचा भास होतो.

नमुना निवडतानाच आघाताच्या खुणा तपासा. एल या उल्कापाषाणांच्या दुसऱ्या गटातल्या अनेक दगडांतला आर्गॉन सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीत निसटून गेला आहे. त्यांचं आर्गॉन-वय त्या टकरीचं असतं. आर्गॉन मोजण्यासाठी नमुना टप्प्याटप्प्याने तापवताना प्रत्येक टप्प्यात सारखंच वय येत नसेल, तर त्या नमुन्यावरून वेग काढू नये.