तुटलं की तोडलं?

हिंगणघाटकडच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं विचारलंय: "काका, दोन वर्षं ज्याच्याशी बोलत होते त्या पोरानं महिनाभर फोन उचलला नाही, आणि मग मेसेज टाकला, 'आपलं तुटलं, आता काय करणार.' मी म्हटलं, तुटलं नाही, तू तोडलं. तो म्हणतो, मराठीत दोन्ही एकच. खरंच एकच का? आपल्याकडे सगळे 'जमलं', 'जुयलं' (म्हणजे जुळलं) असंच काहून म्हणतात? आणि ब्रेकअप 'झाला' म्हणायचं की 'झालं'?"

एकच नाही. 'तुटणं' संस्कृत त्रुट् धातूवरून आलं आणि 'तोडणं' हे त्याचंच, करणारा हात जोडलेलं रूप. फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं ही त्याच घरची भावंडं. फरक तपासायचा असेल तर वाक्यात 'मुद्दाम' घालून बघ. 'मुद्दाम तोडलं' हे सहज बोलता येतं. 'मुद्दाम तुटलं' म्हणून पाहा, जीभच अडखळते. कारण विचारतानाही तसंच होतं. 'काहून तुटलं?' याला उत्तर येतं परिस्थितीचं: घरचे, जात, पुण्याची नोकरी, काहीही. 'काहून तोडलं?' याचं उत्तर मात्र ज्यानं तोडलं त्यालाच द्यावं लागतं. त्या पोराला हा फरक कळत नसेल असं मला वाटत नाही. कळला म्हणूनच त्यानं 'तुटलं' निवडलं.

माझी आजी सेवाग्रामला लागून असलेल्या गावची. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा ती लहान पोर होती, चरखा तिथेच शिकली. आम्ही पोरं तिच्या चरख्याशी खेळायला बसलो की सूत तुटायचंच. ती तुटलेलं टोक चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेई. पेळूत, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीत, कचरा दिसला तर "तुटलं" म्हणे आणि मुकाट्यानं जोडून देई. टोक साफ असलं, म्हणजे माझ्याच हाताचा हिसका बसला असला, तर म्हणे, "तोडलं रे तुनं." तिनं व्याकरणाचं पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. पुढे 'अमक्याचं तमकीशी सूत जमलं' हा वाक्प्रचार कानावर आला की मला हटकून ते चिमटीतलं टोक आठवायचं.

आता त्या पोराची बाजू. तो अगदीच खोटं बोलत नाही, कारण मराठीत अशी काही क्रियापदं आहेतच की ज्यांत झालेलं आणि केलेलं एकाच रूपात राहतं. 'मोडणं' घे. 'त्यानं लग्न मोडलं' आणि नुसतं 'लग्न मोडलं'. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे 'त्यानं' काढून टाकला तरी वाक्य लंगडं होत नाही, धडधाकट उभं राहतं. मोडणारा मधूनच निघून गेला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. प्रमाण मराठीत वर्तमानकाळात तरी चोर सापडतो: 'तो लग्न मोडतो' पण 'लग्न मोडतं'. आपल्या विदर्भातल्या बोलीत तिथेही पळवाट आहे! 'तो जाते', 'तो म्हणते' बोलणारी आपण माणसं. 'तो लगन मोडते' आणि 'लगन मोडते' यांत क्रियापद सारखंच. पण तुझ्या मित्रानं 'मोडलं' लिहिलं नाही, 'तुटलं' लिहिलं. तिथे ही सवलत नाही.

जुन्या लोकांनी मोडण्याचा एक शब्द ठेवला होता, काडीमोड. पंचांसमोर खरोखरच काडी मोडायची. म्हणजे कुणाच्या तरी हातानं मोडायची. जोडण्याच्या बाजूला आपल्याकडचा साक्षगंध आहे, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात साखरपुडा म्हणतात. त्यात साक्ष तर शब्दातच बसली आहे. इंस्टावरच्या ओळखीला ना साक्ष, ना काडी. मग उरतं फक्त क्रियापद.

'जमलं', 'जुयलं' (ळचा य हा आपला जुना शिरस्ता, डोळ्याचा डोया होतो तसा) याचं मला असं वाटतं. ठरवून केलेल्या लग्नातही आपण एकट्यानं काही केल्याचं सांगत नाही. पोरगी 'पसंत पडली', होकार 'आला', पत्रिका 'जुळली', सुपारी 'फुटली'. 'जमवलं' म्हणायचा मान मामाचा किंवा मध्यस्थाचा. नवरा-नवरीच्या वाट्याला 'झालं' एवढंच. तीच सवय पोरंपोरी कॉलेजात घेऊन आली. मामा गेला, मध्यस्थ गेला, त्यांचं 'जमवलं' कुणी उचललंच नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. लग्नाच्या वयात मी कारंज्याकडे एक स्थळ पाहायला गेलो होतो. मुलगी मला आवडली. आमच्या घरच्यांचं देण्याघेण्यावरून अडलं, आणि मी बैठकीत तोंड उघडलं नाही, पोह्याच्या ताटलीतले शेंगदाणे वेचत बसलो. महिन्याभरानं मध्यस्थ पानठेल्यावर भेटले. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "नाही जमलं." ते तळहातावर चुना-तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "जमलं नाई, का तुनं जमू देल्लं नाई?" मी पानवाल्याला एक मिठा पान लावायला सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही.

तर बाई, तुझा मुद्दा बरोबर. पण तुझ्या मेसेजचा पहिला भाग मी वर घेतला नव्हता, तो आता घेतो. तू लिहिलंस: ओळख झाली, बोलणं वाढलं, भेटी होऊ लागल्या, अभ्यास मागं पडला, एक पेपर राहिला, मी फसले. सहाच्या सहा क्रियापदं आपोआप घडणारी. करणारी क्रियापदं आली ती पुढे, 'फोन उचलला नाही', 'मेसेज टाकला', 'तू तोडलं', आणि ती सगळी त्याच्या वाट्याला. त्यानं तुला खोटं सांगून झुलवलं असेल तर 'मी फसले' नको, 'त्यानं फसवलं' लिही. खोटं सांगितलं नसेल तर 'फसले' हा शब्द तिथे बसत नाही. आणि पेपर राहिला नाही, तू दिला नाहीस. रागावू नकोस.

सगळंच 'केलं'मध्ये बसवावं असंही नाही. 'मला तो आवडला' हे वाक्य आहे तसंच ठीक आहे. आवडणं कुणी ठरवून करत नाही, आणि 'मला', 'मले' ही चतुर्थी हे प्रामाणिकपणे सांगते: आवड माझ्याकडे आली, मी आणली नाही. आवडल्यावर एसटी पकडून भेटायला जाणं मात्र ठरवून होतं. तिथून पुढे 'मी'.

आणि ज्याला तोडायचं आहे पण तोंडावर सांगायचं धाडस नाही, त्याच्यासाठीही मराठीत सोय आहे, फार सुंदर सोय आहे आणि हल्ली ती कमी ऐकू येते: 'माझ्याच्यानं सांगवलं नाही.' यात मी पुरता हजर आहे, पळालेलो नाही. फक्त माझं बळ कमी पडलं हे कबूल करतोय. बोलीत 'मायाच्यानं सांगनं झालं नाई.' त्या पोरानं महिनाभर फोन न उचलल्यावर एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर तू बहुधा मला प्रश्न विचारायला आलीच नसतीस.

राहिला ब्रेकअप. परक्या शब्दाचं लिंग आपण जवळच्या मराठी शब्दावरून ठरवतो. 'गाडी'वरून बस बाई झाली. ज्यांच्या मनात 'ब्रेक' असतो ते 'झाला' म्हणतात, ज्यांच्या मनात 'नातं' असतं ते 'झालं'. नागपुरापासून यवतमाळपर्यंत मी दोन्ही ऐकलंय, 'झाला' जास्त. मी 'झाला' म्हणतो. तू 'झालं' म्हटलंस तरी कुणी चूक काढणार नाही.